चुकीचा हात

घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि पुण्यात राहून भांडणारीही कमी पाहिलेली नाहीत. पण दुसऱ्यांनी घाबरावं म्हणून आयुष्यभर भांडत राहिलेला माणूस मी एकच पाहिला. तो आमच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या खोलीत बसत असे. आमची प्रयोगशाळा वडगाव शेरीत, मोटारींच्या एका सर्व्हिस सेंटरच्या डोक्यावर आहे. मी पाणी तपासते. बोअरवेलचं, सोसायटीच्या टाकीचं, टँकरचं. पुण्यातलं पाणी कितीही तपासलं तरी संपत नाही, फक्त नळाला येत नाही. ते वाळू तपासत. ओतकामाच्या कारखान्यांना आणि काचवाल्यांना वाळूत सिलिका किती हे कळावं लागतं, त्यासाठी ती वाळू विरघळवावी लागते, आणि वाळू ज्यांना दाद देत नाही ती बाकीची सगळी अ‍ॅसिडं बाजूला ठेवून त्यासाठी एकच अ‍ॅसिड वापरावं लागतं, हायड्रोफ्लोरिक. म्हणून त्यांना सगळे सिलिकावाले म्हणत. मुलं तोंडावर सर म्हणत आणि पाठीमागे सिलिकावाले. मी वयाने जवळची, पगाराने बरोबरीची, त्यामुळे तोंडावरही सिलिकावालेच म्हणे. त्यांची हरकत नव्हती. त्यांची हरकत फक्त निष्काळजीपणाला होती, आणि त्यांच्या मते जगात दुसरं काही शिल्लकच नव्हतं.

त्या अ‍ॅसिडाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर हा माणूस कळायचा नाही. ते दिसायला पाण्यासारखं. काच खातं, म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवायचं. सिलिकावाल्यांच्या खोलीत धूर ओढून घेणारं जे कपाट होतं त्याची पुढची काच न्हाणीघराच्या काचेसारखी धुरकट झाली होती, ती त्यानेच. पण खरी लबाडी निराळी आहे. दुसरं कुठलंही जहाल अ‍ॅसिड अंगावर उडालं तर माणूस लगेच किंचाळतो, नळाकडे धावतो आणि त्यामुळे वाचतो. हे उडालं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. ते मुकाट्याने कातडीतून आत उतरतं, हाडापर्यंत जातं, शरीरातलं कॅल्शियम शोषत बसतं, आणि काही तासांनी, माणूस घरी जाऊन चहा पीत असताना, बोट आतून ठणकायला लागतं. तोवर उशीर झालेला असतो. उपाय साधा आहे: लागल्याची शंका आली तरी ताबडतोब भरपूर पाणी, मग कॅल्शियमचं जेल चोळत राहायचं आणि चोळत चोळतच हॉस्पिटल गाठायचं. पण त्यासाठी आधी शंका यावी लागते. दुखत नसताना शंका घेणं हे माणसाच्या स्वभावात नाही. ते सिलिकावाल्यांनी आपल्या स्वभावात घालून घेतलं होतं आणि आता ते इतरांच्या स्वभावात घालायच्या मागे लागले होते. असा माणूस कुणाला आवडणार?

बाकीच्या सगळ्या अ‍ॅसिडांना ते अरेतुरे करत. "सल्फ्युरिक आला का? त्याला खाली ठेव. नायट्रिक कुठे उलथलाय?" पण या एकाचा उल्लेख ते आदरार्थी करत, आणि तोही नाव न घेता, जुन्या बायका नवऱ्याचा करत तसा. "ते आत आहेत. दार हळू लावा." नवीन आलेल्या मुलांना वाटे, आत कुणी मोठे साहेब बसतात. एक कुरियरवाला तर बराच वेळ दाराबाहेर हातात पाकीट घेऊन उभा राहिला होता, आतल्यांची सही हवी म्हणून. सिलिकावाल्यांनी त्याला सांगितलं, "ते सही करत नाहीत. केली तर पुसली जात नाही."

ही शिस्त खोलीपुरती राहिली असती तर एक वेळ ठीक. पण त्यांनी सगळं जगच धुरकट काचेच्या त्या कपाटात भरलं होतं. चहाचा कप समोर आला की ते नाक जवळ नेत नसत. कपावरून हाताने वारा घालून वास आपल्याकडे ओढत आणि मग पीत. माझ्या मुलाच्या लग्नात मोदकावरही त्यांनी असाच वारा घातला आणि व्याह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्यांना काही बाधा वगैरे आहे का?" कुणी हात पुढे केला तर ते नमस्कार करत. ही नम्रता नव्हती. "त्याने सकाळपासून कशाकशाला हात लावलाय, तुम्हाला माहीत आहे का?" असं ते मला नंतर सांगत. त्यांच्या डब्यावर, पाण्याच्या बाटलीवर, छत्रीवरसुद्धा चिठ्ठी चिकटवलेली असे: आत काय, कधी भरलं. छत्रीवर नुसतंच 'कोरडी' असं होतं. बायकोने दिलेल्या लोणच्याच्या बरणीवर तारीख नव्हती म्हणून त्यांनी ती परत नेली. दुसऱ्या दिवशी बरणी आली तेव्हा तिच्यावर बायकोच्या अक्षरात तारीख होती आणि खाली लिहिलं होतं, 'मीही याच सुमाराची.' ही बाई मला फार आवडत असे. ती कात्रजला त्यांच्याबरोबर इतकी वर्षं कशी राहिली हे मात्र मला उलगडलं नाही.

त्यांचा एक नियम होता की ती बाटली एकट्याने उघडायची नाही. दुसरं माणूस खोलीत हवंच. त्यांच्या हाताखालची मुलं टिकत नसत, त्यामुळे कितीतरी वर्षं ते दुसरं माणूस मी होते. हाक यायची, "बाई, जरा या." मी जाऊन दाराजवळच्या स्टुलावर बसायची. पहिल्यांदा मी विचारलं, "मी नक्की काय करायचं?" तर म्हणाले, "काही नाही. मी पडलो तर आरडाओरडा करायचा. तुम्हाला जमतो तो." मग ते सोहळा सुरू करत. आधी एक हातमोजे, त्यावर दुसरे जाड, अंगात प्लॅस्टिकचा एप्रन, तोंडापुढे पारदर्शक ढाल. एवढं सगळं करून ओतायचं किती, तर पळीभर. ओतून झालं की ओल्या कागदाने बाटलीचं तोंड पुसायचं, बूच पुसायचं, पुन्हा बाटली पुसायची, आणि पुसलेल्या बाटलीकडे संशयाने बघत म्हणायचं, "कितीही पुसली तरी ओलीच समजायची." एकदा रिकाम्या वेळेचा उपयोग म्हणून मी मेथीची जुडी निवडायला घेऊन गेले. त्यावरून त्यांनी जे काय सुरू केलं ते खाली सर्व्हिस सेंटरमध्ये ऐकू गेलं. जुडी कचऱ्यात गेली. मी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर मेथीची नवीन जुडी होती, आणि तिच्यावर चिठ्ठी: 'मेथी. आजची. घरी निवडावी.'

त्यांच्या शर्टाच्या खिशात, जिथे इतर लोक पेन ठेवतात, तिथे त्या कॅल्शियमच्या जेलची ट्यूब असे. एक खोलीत, एक खिशात, एक घरी. मंडईत भाजी घेताना, बँकेत, तेराव्याच्या जेवणाला, कुठेही. आमचे मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणतो, ते त्यावरून त्यांची टिंगल करत. "काय हो, देवळात पण नेता का?" सिलिकावाले म्हणत, "देवळात नेत नाही. तिथे माझ्यावर जबाबदारी नसते."

पल्लवी आली तेव्हा मला वाटलं, हीही पंधरवड्यात पळणार. यवतमाळची मुलगी, एमएस्सी झालेली, विश्रांतवाडीत चार जणींबरोबर खोली घेऊन राहायची. मीही विश्रांतवाडीतच राहते, त्यामुळे सकाळी माझ्या स्कूटरवर मागे बसून यायची. पहिलं वर्ष उमेदवारीचं, मग कायम. घरी वडील आजारी, धाकटी बहीण शिकतेय, तेव्हा कायम होणं हे तिच्या दृष्टीने एवढं मोठं होतं की तो शब्द ती आवाज खाली आणून उच्चारी. सिलिकावाल्यांनी तिला त्या बाटलीला हातच लावू दिला नाही. कपड्यांना घालायची नीळ पाण्यात मिसळून दिली, पांढरे हातमोजे दिले आणि सांगितलं, ओत. एका भांड्यातून दुसऱ्यात, दिवसभर. संध्याकाळी हातमोज्यावर निळा ठिपका दिसला की ते त्या बोटाकडे बघून म्हणत, "हे गेलं. उद्या राहिलेल्या बोटांनी ये." पोरगी स्कूटरवर मागे बसून रडायची. "मॅडम, सर मले बोटं मोजून घरी पाठवून राहिले." मी सांगितलं, "रडायचं तर हेल्मेटच्या आत रड, माझी ओढणी भिजते." पण ती टिकली. महिन्याभराने हातमोजे पांढरे राहायला लागले. सिलिकावाल्यांनी कौतुक केलं नाही. कौतुक त्यांच्याकडे शिल्लकच नव्हतं. त्यांनी फक्त मला स्टुलावर बोलवायचं बंद केलं. आता दुसरं माणूस म्हणून पल्लवी होती. मला जरा राग आला, आणि राग आल्याचं नवलही वाटलं.

आता खंडेनवमीचं सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळ्या उपकरणांची पूजा होते. हे कारखान्यात होतं तसंच प्रयोगशाळेतही होतं. तराजूला झेंडूची माळ, भट्टीला हळदकुंकू, संगणकाला फूल, माझ्या पाण्याच्या यंत्राला तर साहेबांच्या घरचं गंध. पूजा साहेबांच्या मिसेस करतात. त्यांना सगळे वहिनी म्हणतात. मनाने चांगली बाई आहे, हे मी आजही म्हणेन. सिलिकावाल्यांच्या खोलीपाशी मात्र पूजा थांबायची. ते दारात उभे राहून ताटातलं एक फूल घेत आणि कडीला अडकवून देत. "झाली पूजा. आत देव नाही, आत फ्लोरीन आहे." वहिनी हसून पुढे जायच्या. त्या त्यांना भावजी म्हणत. "भावजी, तुमचं दार तेवढं पुण्यवान," असं म्हणायच्या. अशी वर्षं गेली.

त्या वर्षी साहेबांना बाहेरच्या एका मोठ्या काच कंपनीचं काम मिळायचं होतं. तिची माणसं बरोबर खंडेनवमीला येणार होती. साहेबांनी खोल्या रंगवल्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी कुठले कपडे घालायचे ते टाकलं, आणि जाहीर केलं की या वर्षी पूजा सगळ्या खोल्यांत होणार. "ही आपली लॅब आहे, कुणाची खासगी खोली नाही." सिलिकावाले भांडले. मग साहेबांनी तडजोड केली: फूल आत वाहायचं, पण कपाट उघडायचं नाही. आणि पूजेच्या नेमक्या वेळी पाहुण्यांना माहिती द्यायला त्यांना खाली आपल्या केबिनमध्ये बसवून घेतलं. ही साहेबांची हुशारी. असल्या हुशारीवरच आमची प्रयोगशाळा चालते.

वर काय झालं ते मला नंतर पल्लवीकडून कळलं, कारण मी तेव्हा माझ्या यंत्रापुढे आरतीच्या ताटाची वाट बघत उभी होते. वहिनींना कुणीतरी सांगितलं होतं की सिलिकाच्या कपाटात प्लॅटिनमची वाटी आहे. त्या वाटीत वाळू घालून अ‍ॅसिड ओततात, कारण प्लॅटिनमला ते खात नाही. प्लॅटिनम म्हणजे सोन्याच्या वरचं, आणि सोन्याच्या वरचं काही घरात असताना त्याला हळदकुंकू लावायचं नाही, हे वहिनींच्या मनाला पटेना. "लक्ष्मीच की गं ती! काढ बाहेर. आणि ती बाटलीपण. तिच्यावरच चालतं ना सगळं?" पल्लवीने सरांचं नाव घेतलं. वहिनी म्हणाल्या, "सरांना मी सांगते." मालकीणबाईंनी सांगितल्यावर उमेदवारीतली मुलगी किती वेळ नाही म्हणणार? तिने हातमोजे घातले, वाटी काढली, बाटली काढली. कुंकवाचा करंडा पुढे करून वहिनी म्हणाल्या, "तूच लाव, तुझा विभाग." आणि मग म्हणाल्या, "अगं, हातमोज्याने कुंकू लावतात का? देवाला रबर लावायचंय का?"

पल्लवीने हातमोजा काढला आणि अनामिकेने कुंकू लावलं, आपल्याकडे लावतात तसं. वाटीला लावलं. बाटलीला लावलं, बुचाच्या जरा खाली, जिथे थेंब थांबतो तिथे. फोटो झाला. तिने बाटली आत ठेवली, कुंकवाचं बोट नळाखाली धरून जेमतेम धुतलं. काही झालं नाही. दुखलं नाही, चुरचुरलंही नाही.

सिलिकावाले वर आले ते पेढा खायला नव्हे, कपाट बघायला. त्यांच्या ओरडण्याने मी धावत गेले. दारात माणसांची गर्दी. ते बाटलीकडे बोट दाखवून विचारत होते, "कुंकू कुणी लावलं? मी काय विचारतोय? काडीने लावलं की बोटाने?" साहेब आणि पाहुणे मागोमाग वर आले होते. पल्लवी भिंतीला चिकटलेली. तिचं तोंड बघून वहिनींना दया आली. त्यांना वाटलं, हा माणूस आता या पोरीला फाडून खाणार, पाहुण्यांसमोर. म्हणून त्या पुढे झाल्या. "मी लावलं, भावजी. बोला, काय बोलायचंय ते मला बोला."

 सिलिकावाल्यांनी झपकन वहिनींचं मनगट धरलं, त्यांना ओढत नळाशी नेलं आणि नळ पूर्ण सोडून हात त्याखाली धरला. बांगड्या खळखळल्या, पैठणीचा पदर भिजला. "अहो भावजी, काय करताय? मला काही होत नाहीये!" "होत नाहीये हेच तर!" ते ओरडले. "झालं असतं तर बरं होतं!" खिशातली ट्यूब त्यांनी दातांनी उघडली आणि नवीन हातमोजा चढवून वहिनींच्या अनामिकेला जेल चोळायला लागले. पाहुण्यांपैकी एकाने मान दुसरीकडे वळवली. दुसरा मोबाइलमध्ये बघायला लागला. साहेबांचा चेहरा भट्टीसारखा झाला होता. "हात सोडा तिचा," ते म्हणाले. "अजून चोळायला हवं." "हात सोडा म्हणतो मी!" "सोडतो. हॉस्पिटलमध्ये न्या यांना. वाटेत हे चोळत राहा." आणि ट्यूब त्यांनी साहेबांच्या हातात कोंबली, आपल्या मालकाच्या हातात, कंपाउंडरला औषध द्यावं तशी. साहेबांनी एवढंच सांगितलं: "तुम्ही आत्ताच्या आत्ता घरी जा. पुन्हा बोलावल्याशिवाय यायचं नाही."

ते पायऱ्या उतरत असताना मी मागे गेले. त्यांनी मला विचारलं, "नेतील ना हो वहिनींना?" साहेब नेणार नव्हते. साहेबांनी ट्यूब कचऱ्याच्या डब्यात टाकली होती आणि पाहुण्यांना सांगत होते की हे गृहस्थ हल्ली जरा तणावात असतात. आणि वहिनींच्या बोटाला काही झालं नाही, कारण काही होण्यासारखं नव्हतंच.

दुपारी लवकर सुट्टी झाली. पल्लवी माझ्या मागे बसून घरी आली. गप्प होती. मला वाटलं, सरांना हाकललं म्हणून. चहाच्या वेळेला तिचा फोन आला. "मॅडम, बोट आतून ठणकून राहिलं. नखाखाली. कोणी दाबून राहिल्यावानी." मी विचारलं, कुठलं बोट? आणि विचारतानाच मला सगळं कळलं.

सिलिकावाल्यांना फोन लावला. मी सांगायला सुरुवात केली तसे ते मध्येच म्हणाले, "ती होती?" एवढंच. मग एकदम त्यांचा नेहमीचा आवाज आला. बोट नळाखाली धरायला सांगा. रिक्षा येईपर्यंत काढायचं नाही. हॉस्पिटलात भाजलं म्हणून सांगू नका, ते मलम लावून घरी पाठवतील. अ‍ॅसिडाचं नाव सांगा, कागदावर लिहून हातात द्या, कॅल्शियम म्हणा. मी निघालोच. कात्रजहून ते स्वतःच्या स्कूटरवर, झेंडूच्या ढिगांनी आणि खरेदीच्या गर्दीने अडलेल्या रस्त्यांतून, घरची ट्यूब घेऊन आले. हॉस्पिटलमध्ये शिरले ते बाह्या सरसावूनच, डॉक्टरांशी भांडायच्या तयारीत. पण आत एक तरुण डॉक्टरीण होती, तिने आमचं ऐकून घेतलं होतं, मोबाइलवर वाचून घेतलं होतं, वरिष्ठांना विचारून बोटात कॅल्शियमची सुई दिली होती, आणि औषध आतपर्यंत पोचावं म्हणून नख काढायची तयारी चालली होती. भांडायला काही राहिलंच नव्हतं. सिलिकावाले ट्यूब हातात धरून नुसते उभे राहिले. त्यांना असं बिनकामाचं मी कधी पाहिलं नव्हतं.

पल्लवी पांढरी पडली होती. त्यांनी तिला विचारलं, "कुंकू तू लावलंस?"

"हो सर."

"मग बोलली का नाहीस?"

"वहिनी बोलल्या ना सर आधी. एवढ्या लोकांत त्यांना खोटं कसं पाडू? अन् दुखत पण नव्हतं."

मला वाटलं, आता सुरू होणार. पण ते तिच्या पलंगाच्या दांडीला धरून राहिले आणि म्हणाले, "नाही. दुखत नाहीच ते." नंतर नख काढताना ते बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसले. आतून तिचा आवाज आला तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले, लहान मुलासारखे.

बोट वाचलं. नख गेलं.

पुढचं सांगायला मला मजा येत नाही, पण सांगते. वहिनी डबा घेऊन हॉस्पिटलात आल्या आणि पल्लवीला मिठीत घेऊन रडल्या. ते रडणं खरं होतं. पण दसऱ्यानंतर साहेबांनी केबिनमध्ये जी चौकशी केली, तिच्यात वहिनींचं नाव आलं नाही, आणि वहिनींनीही ते आणलं नाही. चौकशीत असं ठरलं की बाटली आदल्या दिवशी सिलिकावाल्यांनी बंद केली होती, म्हणजे तिच्यावर थेंब राहिला असेल तर तो त्यांचा. त्यांनी "हो" म्हटलं. पुसली होती, असं म्हणायचा त्यांना हक्क होता, म्हटलं नाही. पल्लवीने हातमोजा काढून नियम मोडला, असंही ठरलं. हातमोजा का काढला, हे कुणी विचारलं नाही. मी सांगायला लागले तर साहेब म्हणाले, "तुम्ही पाणी बघा." मी तरी सांगितलं. तरीही लिहिलं गेलं नाही. शेवटी साहेब सिलिकावाल्यांना म्हणाले, झालं ते झालं, इतकी वर्षं काम केलंत, फक्त माझ्या मिसेसचा हात परक्या माणसांसमोर धरलात त्याची लेखी माफी द्या आणि या कामावर.

सिलिकावाले म्हणाले, "देतो की. चुकीचा हात धरला, त्याबद्दल."

ते त्याच दिवशी गेले. आपली छत्री नेली, स्टूल मला देऊन गेले. पल्लवीला कायम केलं नाही. उमेदवारी वाढवू म्हणाले, तिने वाढवून घेतली नाही. आता ती खराडीला एका मोठ्या इमारतीत संगणकावर औषधांचे अहवाल तपासते. पगार आमच्याहून चांगला आहे. गार हवा, बाटली नाही, वास नाही. अंगावर काही उडण्याची शक्यता असलीच तर कॉफी. ही गोष्ट मी सिलिकावाल्यांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं." आणि मग म्हणाले, "ओतायची मात्र छान." त्यांच्या खोलीत आता एक मुलगा आहे. भिंतीवर इंग्रजीत छापलेला मोठा रंगीत तक्ता लावला आहे, तो पाहुण्यांना फार आवडतो. मुलगा बाटली एकट्याने उघडतो. मी न बोलावता जाऊन दारात उभी राहते. तो मला म्हणतो, "मॅडम, काही काम होतं का?"

सिलिकावाल्यांचा अधूनमधून फोन येतो. नमस्कार नाही, कशा आहात नाही. उचलला की पलीकडून एकच शब्द: "नख?" पल्लवीला ते स्वतः फोन करत नाहीत. "माझा आवाज ऐकला की तिला वाटेल काहीतरी सांडलं," म्हणतात. तेव्हा बातमी मी द्यायची. अजून काही नाही. मुळाशी जरा पांढरं दिसतंय. अर्ध्यावर आलंय, पण मध्येच थांबलंय. हे ऐकून ते "बरं" म्हणतात आणि ठेवतात. या नखाची होते इतकी चौकशी मी आयुष्यात कुणा माणसाचीही ऐकलेली नाही. एकदा मी वैतागून म्हटलंही, "अहो, नखच आहे, येईल." तर म्हणाले, "नाहीसुद्धा येत, बाई. कधी कधी येतच नाही."

परवा रविवारी पल्लवी माझ्याकडे जेवायला आली होती. पोळ्या लाटत होती. मी तिचा हात धरून खिडकीपाशी नेला आणि बघितला. ती गेल्यावर या खेपेला मीच कात्रजला फोन लावला.

"आलं," मी म्हटलं.

 "पूर्ण?"

"पूर्ण. पण सरळ नाही. एका बाजूने उचललेलं आहे. वाकडंच वाढणार म्हणतात."

मला वाटलं, आता काहीतरी ऐकवतील. डॉक्टरांना, साहेबांना, मला, कुणाला तरी. मी तयारीतच होते. त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"वाकडं चालेल," ते म्हणाले.

आणि फोन बंद करायचा विसरले. मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला, स्वयंपाकघराच्या दिशेने जाणारा, आणि मग बायकोला सांगणारा त्यांचा आवाज, तोच, खालच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत जाणारा: "अगं, ऐकलंस का? नख आलं."

मी थोडा वेळ तशीच ऐकत राहिले. मग माझ्या बाजूने बंद केला.